लांब पल्ल्याची पोरं आणि महासंघ नावाचा लांबचा पाहुणा

भाचीचा_मामा (धागाकर्ता)

मंडळी, विषय घरचा आहे. डोकं थोडं तापलेलं आहे, तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

माझी भाची. नुकती तेरा पूर्ण होऊन चौदावं लागलंय. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव. गेल्या दीड वर्षात तिने आजूबाजूच्या पंधरा-वीस "मॅरेथॉन" जिंकल्या. आपल्याकडे मॅरेथॉन म्हणजे काय ते सांगायला नको: कुणाचा तरी वाढदिवस, चौकात फ्लेक्स, पाच-सात किलोमीटर डांबरी रस्ता, पुढे हलगी आणि मागे ॲम्ब्युलन्स (असली तर). पहिलं बक्षीस तीन हजार आणि पोरीच्या कमरेएवढी ट्रॉफी. मागच्या महिन्यात एका रविवारी तिने सकाळी सात किलोमीटर जिंकली आणि दुपारी शेजारच्या तालुक्यात पाच. दाजींनी फोटो पाठवला, मी अभिमानाने स्टेटसला ठेवला. आज तो फोटो बघवत नाही.

कारण दुसऱ्या आठवड्यात ती लंगडायला लागली. नडगीच्या हाडाला बारीक तडा. सहा आठवडे पळणं बंद.

आता गंमत बघा. पोरगी खाटेवर आणि दारात तीन पाहुणे. एक अकॅडमीवाले: "दोन वर्षांत राष्ट्रीय पदक, जन्मतारखेचं आम्ही बघतो." दुसरे शाळेतले: "जिल्ह्याला तरी पळू द्या, शाळेचं नाव होतं." तिसऱ्यांचं म्हणणं, सरकारी निवासी केंद्रात टाका, खाण्यापिण्याची काळजी मिटली.

मी म्हटलं, देशात या खेळाचा एक महासंघ आहे, त्याची राज्यात आणि जिल्ह्यात शाखा आहे. असल्या पोरांचं काय करायचं ते त्यांना ठाऊक असणार. एका कार्यालयात तीनदा फोन केला. उत्तर मिळालं, "राज्याला पहिल्या तिनात आली की बघू." तोवर? "तोवर पळू दे की."

प्रश्न एवढाच. तेरा ते वीस या वयात लांब पळणारं पोर नेमकं कुणाचं असतं?

---

चहाटळ

फ्लेक्सवाल्याचं.

(जागा धरून ठेवतो. पीटीच्या सरांची वाट बघतोय.)

---

माणदेशी_मेंढरू

आमच्या माणातल्या मोही गावच्या ललिता बाबरचं उदाहरण घ्या. शाळेत खो-खो. मग रस्त्यावरच्या शर्यती, मग मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली, तेही एकदा नव्हे. आणि स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर) वळली तेव्हा पंचविशीत होती. २०१६ ला रिओमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत जाणारी पहिली भारतीय बाई. चौदाव्या वर्षी तिला कुणी जगज्जेती म्हणत नव्हतं, म्हणूनच ती पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकली असं माझं मत.

पोरीला खो-खो खेळू द्या. दमसास येतो, वळायला येतं, आणि मुख्य म्हणजे मैत्रिणी असतात.

---

पीटीचे_सर

मामा, आधी भाचीला आराम पडो. आता जरा सविस्तर, कारण अर्धवट माहितीवर महासंघाला शिव्या घालणं सोपं आहे. (मीही घालतो. पण माहिती घेऊन घालतो.)

भारतीय ॲथलेटिक्स महासंघाची आंतरजिल्हा ज्युनियर स्पर्धा असते. देशभरातून शेकडो जिल्ह्यांची पोरं येतात. तिथे १४ वर्षांखालच्या पोरांना लांबच्या शर्यतीत उतरवतच नाहीत. तीन-तीन प्रकारांचे गट असतात, त्याला ट्रायथलॉन म्हणतात (पोहणं-सायकलवालं नव्हे): थोडं पळणं, उडी, फेक असं. त्यातली सर्वांत लांब धाव ६०० मीटर. सहाशे! तुमच्या भाचीने एका रविवारात त्याच्या वीसपट अंतर पळून काढलं.

जागतिक महासंघाचंही तसंच. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळायला खेळाडू वीस वर्षांचा व्हावा लागतो. सतरा वर्षांच्या पोराला १०,००० मीटरसुद्धा बंद. क्रॉस कंट्रीच्या (माळरानावरून पळायच्या) जागतिक स्पर्धेत वीस वर्षांखालच्या मुली ६ किलोमीटर पळतात आणि मुलं ८. म्हणजे तुमच्या गावातला सात किलोमीटरचा वाढदिवस हा एकोणीस वर्षांच्या जागतिक दर्जाच्या मुलीच्या शर्यतीपेक्षा लांब आहे, तोही डांबरावर.

तेव्हा कागदावर महासंघाला अक्कल आहे. गोची अशी की तो नियम महासंघाच्या मैदानाच्या फाटकापाशी संपतो. रस्त्यावरच्या शर्यतीला परवानगी पोलीस देतात, मैदानाला ग्रामपंचायत, आणि वय कुणीच विचारत नाही. मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या स्पर्धेत पूर्ण अंतराला अठराची अट असते, कारण तिथे नाव आणि विमा दोन्ही पणाला लागलेलं असतं. गावात विमा म्हणजे मारुतीचा नारळ.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्ही शिक्षक कबूल करत नाही. शाळेला प्रमाणपत्र हवं असतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पोरं आम्ही दोन-तीन महिन्यांत चढवतो. एकाच मुलीला ८००, १५००, ३००० आणि वर क्रॉस कंट्री. मीही हे केलंय. त्यातल्या एकीही मुलीचं नाव तुम्ही आज ऐकलेलं नाही.

---

आकडेमोड्या

@माणदेशी_मेंढरू, ललिताताईंबद्दल आदर आहे, पण हा युक्तिवाद फसवा आहे. उशिरा सुरुवात करून पोचलेली एक दिसते. उशिरा सुरुवात केली म्हणूनच न पोचलेल्या हजार दिसत नाहीत. लवकर सुरुवात करून संपलेल्याही दिसत नाहीत. एका मेंढरावरून कळप मोजू नका (नावावर कोटी नाही).

महासंघाचं प्रगतिपुस्तक बघायचं तर विक्रम किती वर्षं टिकले ते बघा. विक्रम टिकणं ही कौतुकाची गोष्ट नाही, मागून कुणी आलं नाही याची पावती आहे.

गोपाल सैनीचा स्टीपलचेसचा विक्रम १९८१ चा. मोडला २०१८ ला. सदतीस वर्षं.

बहादूर प्रसादचा ५००० मीटरचा १९९२ चा. मोडला २०२२ ला. तीस वर्षं.

शिवनाथ सिंगची १९७८ ची जालंधरची मॅरेथॉन, २ तास १२ मिनिटं. पंचेचाळीस वर्षं उलटली तरी तिला कुणी हात लावू शकलं नव्हतं.

वरचे पहिले दोन्ही मोडणारा माणूस एकच, अविनाश साबळे. म्हणजे दोन पिढ्या मधल्या मधे गेल्या. या काळात देशात लांब पळणारी पोरं जन्मालाच आली नाहीत असं कुणाला म्हणायचंय का?

---

निवृत्त_हवालदार

साबळेचा विषय निघाला म्हणून लिहितो. बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. बारावी झाल्यावर ५ महार रेजिमेंटला भरती. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंगा. पळायला लागला तो २०१५ ला, फौजेच्या अंतर्गत क्रॉस कंट्रीतून. तेव्हा वय वीस-एकवीस. वजन वाढलेलं होतं, ते उतरवलं. अमरीश कुमार हे फौजेतलेच कोच. मधे राष्ट्रीय शिबिरात परदेशी कोचकडे गेला, ते मानवलं नाही, परत अमरीश कुमारांकडे आला आणि त्याच वर्षी भुवनेश्वरला ८:२९.८० पळून सैनीचा विक्रम मोडला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुलात रौप्य, केनियाच्या किबिवोटपासून पाच शतांश सेकंदांवर. हांगझोऊला आशियाई सुवर्ण. पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

आता सांगा यात महासंघ कुठे आहे? तयार भाकरी ताटात आल्यावर. पीठ मळलं फौजेने. पगार चालू, जेवण चालू, दुखापत झाली तर मिलिटरी हॉस्पिटल, हरला तरी नोकरी जात नाही. गुलवीर सिंगही फौजेतलाच. २०२५ ला पाच हजार मीटर तेरा मिनिटांच्या आत पळणारा पहिला भारतीय. तोही आणि साबळेही पुढे अमेरिकेत कोलोरॅडोला उंचीवर सराव करायला गेले, त्याला सरकारचा आणि महासंघाचा हातभार आहे, नाही म्हणत नाही. पण वयाच्या कितव्या वर्षी?

फौजेची बॉईज स्पोर्ट्स कंपनी असते, आठ ते चौदा वर्षांची पोरं घेतात, शिक्षण आणि खेळ दोन्ही करून घेतात. घरात मुलगा पळणारा असेल तर चौकशी करा. मुलीसाठी मात्र ही वाट तेवढी रुळलेली नाही, हे खरं.

---

अंबाडीची_भाजी

मी फार लिहीत नाही इथे. धागा वाचून राहवलं नाही.

मी ती पीटीच्या सरांची "नाव न ऐकलेली" मुलगी आहे. तुमची नव्हे सर, दुसऱ्या जिल्ह्यातली. पंधराव्या वर्षी राज्यात ३००० मीटरला दुसरी आले. मग एका केंद्रात गेले. तिथल्या कोचचं एकच पालुपद, "हलकी झालीस तर पळशील." दर सोमवारी सगळ्यांसमोर वजनकाटा. आम्ही रविवारी रात्री पाणीसुद्धा प्यायचो नाही. सोळाव्या वर्षी पाळी थांबली. सहा महिने. आम्हा मुलींमध्ये ती फुशारकीची गोष्ट होती, "माझी बंद झालीय" म्हणजे मी खरी ॲथलीट. आईला सांगायची हिंमत नव्हती. सतराव्या वर्षी पायाच्या पंजाचं हाड दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा मोडलं त्या महिन्यात खोलीतली माझी खाट दुसऱ्या मुलीला दिली. कुणी हाकललं नाही हो. फक्त खाट दिली.

महासंघाचं माणूस मी त्या तीन वर्षांत एकदाच बघितलं. बक्षीस द्यायला आले होते.

आज मी बँकेत आहे, सकाळी पाच किलोमीटर मजेत पळते. मामा, मुलीला कुठेही घाला, पण "वजन किती" हा प्रश्न ज्या दिवशी जाहीर विचारला जाईल त्या दिवशी बॅग भरा.

---

डॉ_गुडघे

@अंबाडीची_भाजी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

तुम्ही सांगितलं त्याला वैद्यकात नाव आहे. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ ला त्याला रेड-एस म्हटलं: खेळाडू जेवढं जाळतो त्यापेक्षा कमी खातो, आणि मग शरीर काटकसर सुरू करतं. पहिली कात्री पाळीवर, दुसरी हाडांवर. मुलीच्या हाडांची घडण मुख्यतः याच वयात होते. तिथे खड्डा पडला तर विशीत तो भरून काढणं अवघड. मुलांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी घंटा वाजत नाही.

मामांसाठी कामाची यादी नाही देत, तीनच गोष्टी. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, आपल्याकडच्या मुलींत ते सर्रास तळाला असतं. पाळीची तारीख आईने कॅलेंडरवर लिहावी. आणि तडा भरला म्हणून सातव्या आठवड्यात सात किलोमीटर नको. आधी चालणं, मग मातीवर थोडं पळणं-थोडं चालणं.

जन्मतारखेचं "बघतो" म्हणणाऱ्याला दार दाखवा, हे मी डॉक्टर म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतोय.

---

ओसाकाकर

फेरिटिनवरून आठवलं. इथे जपानमध्ये शाळांच्या एकिदेन, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या रिले शर्यती, हा राष्ट्रीय वेडाचा विषय आहे. नव्या वर्षात विद्यापीठांची हाकोने एकिदेन असते, दोन दिवस, दहा पळणारे, एकेकाला वीस किलोमीटरच्या आसपास. अख्खा देश टीव्हीसमोर. आपल्याकडच्या आयपीएलसारखं समजा, फक्त नाच नाही.

त्याची दुसरी बाजू अशी. शाळकरी मुलींना रक्त वाढावं म्हणून कोच लोक लोहाची इंजेक्शनं द्यायला लावायचे. गोळ्या नव्हे, थेट शिरेतून. यकृतात लोह साठून बसायचं. इथल्या महासंघाने २०१६ ला जाहीर इशारा दिला, तरी चालूच राहिलं, मग आणखी कडक पावलं उचलावी लागली. म्हणजे शिस्तीच्या देशातही महासंघ बोलला आणि कोचांनी ऐकलं असं आपोआप झालं नाही.

पण एक सांगतो. इशारा दिला तो महासंघाने, कुठल्या वर्तमानपत्राच्या वाचकपत्राने नव्हे. आपल्याकडे असा इशारा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

---

खुली_अकॅडमी

मी अशीच एक अकॅडमी चालवतो. (मामांच्या घरी आलेली ती नव्हे.) सगळे मिळून आम्हाला झोडपताय म्हणून दोन शब्द.

तीन हजाराचं बक्षीस वाईट म्हणणं शहरात बसून सोपं आहे. तीन हजार म्हणजे कोरडवाहू घरात महिन्याचा किराणा. महिन्याला चार शर्यती जिंकणारी पोरगी बापापेक्षा जास्त कमावते, आणि त्या घरात तिचं लग्न दोन वर्षं पुढे जातं. हे कुठल्या वैद्यकीय पुस्तकात आहे का डॉक्टर?

दुसरं. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ पोरांना ऑलिंपिक नको असतं. पोलीस भरती हवी असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. नाहीतर अग्निवीर. नाहीतर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, त्याला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला पदक लागतं, आणि पदक लवकर लागतं. "खेलो इंडिया"त निवड झाली तर वर्षाला सहा लाख अठ्ठावीस हजारांचा हिशेब आहे, त्यातले महिन्याला दहा हजार पोराच्या हातात. पण किती पोरं तिथवर जातात? बाकीच्यांना धीर धरा म्हणणाऱ्याने धीराचे पैसेही द्यावेत.

---

आकडेमोड्या

हा या धाग्यातला सर्वांत प्रामाणिक प्रतिसाद. पटत नाही, पण प्रामाणिक.

---

खोटं_वय

@खुली_अकॅडमी, "पदक लवकर लागतं" यातच सगळं आलं. लवकर पदक हवं म्हणून वय चोरायचं. सोळाचं पोर चौदाखाली पळतं, खरं चौदाचं पोर मागे पडतं आणि घरी बसतं. महासंघ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतो, दरवेळी थोडीफार पोरं सापडतात. पण जी खरी पोरं आधीच्या तीन स्पर्धांत हरून खेळ सोडून गेली ती परत येत नाहीत.

आणि वयाच्या चोरीनंतरची पायरी सुई. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे, म्हणजे उत्तेजक तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, अधिकारी आले ही बातमी पसरली आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. त्याच दिवशी ज्युनियर स्टीपलचेसमधली एक मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही थांबली नाही, पळतच राहिली, अधिकारी मागे. लोक त्या बातमीवर हसले. मला तिचं वय आठवलं. तिला ते औषध कुठल्या दुकानात मिळतं हे कुणीतरी सांगितलं असणार ना?

---

चहाटळ

मी हसणार होतो. राहू दे.

---

नाशिककर

आमच्या नाशिकचा उल्लेख अजून कसा नाही! हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत. दिल्ली राष्ट्रकुल २०१०, दहा हजार मीटरला कांस्य. त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई रौप्य, प्रीजा श्रीधरनच्या एका सेकंदाने मागे. भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंदर सिंगांनी वर्षानुवर्षं आदिवासी पाड्यांवरची पोरं जमवून गट उभा केला. एक कोच, एक मैदान, दहा-पंधरा वर्षं. हे मॉडेल चालतं असं माझं म्हणणं. केनियातही इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ ला एक आयरिश ब्रदर शिकवायला आला आणि तिथेच राहिला, ८०० मीटरचा ऑलिंपिक विजेता रुडिशा त्याच्याच हाताखालचा. महासंघाने असा माणूस शोधायचा, त्याला पगार द्यायचा आणि वीस वर्षं त्याच्या वाटेत यायचं नाही. बस.

पण गुळाबरोबर मुंगळाही सांगितला पाहिजे. याच नाशिकच्या संजीवनी जाधववर २०१८ च्या नमुन्यात प्रोबेनेसिड हे बंदी असलेलं औषध सापडल्यावरून दोन वर्षांची बंदी आली, आशियाई पदक गेलं. ती परत उभी राहिली, पळते आहे, हे तिचं मोठेपण. तेव्हा एका चांगल्या गटावर सगळं सोपवून महासंघाला झोपता येत नाही. शिबिरात पोराच्या पोटात काय जातं हे बघायला कुणीतरी पगारी माणूस लागतो.

आणि रिओ आठवा. मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशा अंतिम रेषेवर कोसळली. तिचं म्हणणं, भारताच्या टेबलांवर पाणी द्यायला कुणी नव्हतं, आणि मला मॅरेथॉन पळायचीच नव्हती, १५०० पळायचं होतं. महासंघ म्हणाला तिने आणि कोचने पाणी नको सांगितलं होतं. त्याच शर्यतीत कविता होती, ती म्हणाली माझी काही तक्रार नाही, मला विचारलं होतं. खरं-खोटं बाजूला ठेवा. तिशी ओलांडलेली राष्ट्रीय विक्रमवीर बाई "मला हे अंतर नको" म्हणते आणि ते शर्यतीनंतर वर्तमानपत्रातून कळतं. तिथे चौदा वर्षांची मुलगी कुणाला काय सांगणार?

---

बर्गनवासी

नॉर्वेतून. इथे मुलांच्या खेळाचे लेखी नियम आहेत, देशभर, सगळ्या खेळांना लागू. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत निकालाची यादी लावता येत नाही. तेरावं लागेपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. माझ्या मुलाच्या पहिल्या शर्यतीनंतर मी सवयीने विचारलं, "कितवा आलास?" तो म्हणाला, "आलो." तिथल्या कोचबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच दोषी.

आता लगेच कुणीतरी याकोब इंगेब्रिक्टसेनचं नाव घेईल, म्हणून मीच घेतो. सोळाव्या वर्षी चार मिनिटांच्या आत मैल, २०१७. याच देशातला, आणि लहानपणापासून घरच्या कडक तालमीत वाढलेला. म्हणजे नियम असूनही बाप ठरवेल तसं झालं. पुढे २०२३ ला तिघा भावांनी वडिलांच्या मारहाणीबद्दल जाहीर लिहिलं, प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ च्या निकालात याकोबबाबतच्या आरोपातून वडील सुटले, बहिणीबाबतच्या एका प्रकारात दोषी ठरले. इथल्या महासंघाने त्या आधीच वडिलांना कोच म्हणून मोठ्या स्पर्धांचं ओळखपत्र देणं थांबवलं होतं. पदक आणणाऱ्या दुसऱ्या एका धावपटूचा, घराबाहेरच्या नार्वे नोर्डोसचा, कोच होता तो. तरी नाही दिलं.

मला इथे महासंघाचं कौतुक एवढ्याचसाठी वाटतं की "नाही" म्हणायची ताकद त्यांनी वापरली. उशिरा वापरली, हेही आहेच.

---

संपादक

एक सूचना. दोन सदस्यांनी अकॅडमी आणि केंद्रांची नावं लिहिली होती, ती काढली आहेत. अनुभव लिहा, नावं नकोत.

---

निवृत्त_हवालदार

@बर्गनवासी, चांगलं लिहिलंत. पण नॉर्वेत पोराला नोकरीसाठी पळावं लागत नाही, हा फरक सोडू नका.

आणि एक भर. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या महासंघाने वरिष्ठांची राष्ट्रीय शिबिरं आवरती घेऊन तो भार सेनादलं, रेल्वे आणि खासगी केंद्रांकडे द्यायचं ठरवलं. माझा त्याला विरोध नाही, पतियाळाला वर्ष-वर्ष घरापासून लांब ठेवून फार भलं झालं असं नाही. पण मग हात रिकामे झाले ना? त्या रिकाम्या हातांनी आता जिल्ह्यांकडे बघा. नाहीतर उरलं काय, निवड आणि फोटो.

---

पीटीचे_सर

बुधिया सिंगचं नाव कुणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून मीच काढतो. २ मे २००६, पुरी ते भुवनेश्वर, ६५ किलोमीटर, सात तास दोन मिनिटं. वय चार. तेव्हा आम्ही शिक्षक खोलीत टीव्हीवर बघत होतो आणि अर्धे टाळ्या वाजवत होते. मी त्या अर्ध्यात होतो. बालकल्याण खात्याने थांबवलं, पुढे क्रीडा वसतिगृहात ठेवलं. कोच २००८ ला मारला गेला. पोरगं मोठं झालं, लोक विसरले. थांबवायला बालकल्याण खातं आलं. खेळाची संघटना मला तरी त्या चित्रात पुढे दिसली नव्हती.

थांबवणं हे कुणाच्या कामाच्या यादीतच नाही. जिल्हा संघटनेला पदकांचा अहवाल पाठवायचा असतो. "या वर्षी आम्ही बारा पोरींना रस्त्यावर पळू दिलं नाही" असा रकाना त्या फॉर्मात नाही.

---

भाचीचा_मामा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पाच आठवडे झाले, म्हणून काय झालं ते सांगतो.

परवा गावी गेलो होतो. दाजींशी भांडण झालं, ते इथे लिहीत नाही. @खुली_अकॅडमी, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला आणि ते म्हणाले, "बघ, हा माणूस बरोबर बोलतोय." मग मी @अंबाडीची_भाजी यांचा वाचून दाखवला. दाजी काही बोलले नाहीत. ताई उठून आत गेली आणि कॅलेंडर घेऊन आली.

ठरलं ते असं. अकॅडमी नाही. निवासी केंद्र सध्या नाही. सोळा होईपर्यंत डांबर बंद, फक्त शाळा, खो-खो आणि ६००-८०० मीटर. फेरिटिन नऊ निघालं, डॉक्टरसाहेब, गोळ्या सुरू आहेत. महिन्याच्या बक्षिसाची तूट मी आणि धाकटा भाऊ मिळून भरतोय. हा काही तोडगा नाही, ठाऊक आहे. सगळ्या पोरींना पगारदार मामा नसतात. दाजींना ते पैसे घ्यायला जड जातंय, तेही दिसतं.

येत्या रविवारी शेजारच्या गावात सात किलोमीटर आहे, पहिलं बक्षीस पाच हजार. भाचीने स्वतः विचारलं, "नुसतं बघायला जाऊ का?" नाही म्हणता आलं नाही.

सरांना एक कामाचा प्रश्न. शाळेमागे गायरानाचा सपाट तुकडा आहे, सत्तर बाय सत्तर मीटरचा असेल. चुना मारून ट्रॅक आखायचाय. मुख्याध्यापक तयार आहेत. कसा आखू?

---

पीटीचे_सर

सत्तर बाय सत्तरात २०० मीटरचा बसतो, पण सरळ बाजू काढायच्या नादी लागू नका, नुसता गोल आखा. मधोमध लोखंडी खुंटी. अंतर चुन्याच्या रेषेवर मोजत नाहीत, रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणून खुंटीपासून रेषेपर्यंत ३१ मीटर ६३ सेंटिमीटर धरा. चार फेऱ्या म्हणजे ८००, तीन म्हणजे ६००. गोलात सतत एकाच बाजूला वळणं होतं, नडगी नुकती भरलेली आहे, तेव्हा दिवसाआड उलट दिशेने पळवा. आधी गोटे वेचून घ्या, पोरांनाच लावा.

आणि दोरी नायलॉनची नको, ताणते. बाइंडिंगची तार घ्या.